कारखान्याखालची जमीन : तिची परीक्षा आणि शुद्धी
(व्याख्यानाचा मजकूर)



सुरतेच्या उंधियूत जी पापडी पडते ती कतारगामचीच असावी, असा तेथील खवैयांचा आग्रह असतो. तापीच्या गाळाने घडलेल्या जमिनीने कतारगामला हा लौकिक मिळवून दिला. पुढे सुरत शहर वाढले आणि या गावाला त्याने आपल्या पोटात घेतले. पापडीच्या मळ्यांच्या जागी औद्योगिक वसाहत, हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने आणि कापड व जरीच्या धंद्याशी संबंधित लहानमोठ्या कार्यशाळा आल्या. शेतातून कारखाना आणि कारखान्यातून निवासी इमारत, हा जमिनीचा प्रवास आज कतारगामपुरता मर्यादित नाही. ठाणे, पिंपरी-चिंचवड, इचलकरंजी, मुंबईचा गिरणगाव, सर्वत्र तो दिसतो. तापीच्या वरच्या अंगाचे खानदेशी लोक तर पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी सुरतेस जात आले आहेत. तेव्हा हा विषय महाराष्ट्राला परका नाही.

कतारगाममधील अमुक एक भूखंड दूषित आहे असा ठपका येथे ठेवावयाचा नाही. तसे म्हणण्यास परीक्षेचा आधार लागतो, आणि ही परीक्षा कशी व्हावी हाच आजचा विषय आहे. परंतु धंद्याच्या स्वरूपावरून जमिनीत काय उतरले असेल याचा अंदाज बांधता येतो. जरीच्या तारेवर सोन्याचा मुलामा चढविताना सायनाइडयुक्त द्रावण वापरले जाते. पैलू पाडलेले हिरे तीव्र आम्लात उकळून स्वच्छ करतात. धातूवर मुलामा देणाऱ्या कार्यशाळांतून क्रोमियम व निकेल, रंगाईच्या कामातून रंगद्रव्ये व क्षार, तर यंत्रांच्या दुरुस्तीतून तेल बाहेर पडते. मोरीला तडा असेल, टाकी झिरपत असेल किंवा पिंपे उघड्यावर ठेवलेली असतील, तर यांतील काही अंश मातीत मुरतो. कारखाना बंद झाला, पत्रे उतरले, यंत्रे भंगारात गेली, तरी मुरलेला अंश तेथेच राहतो.

अशा जागेची पहिली परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही. ती कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणीत होते. सातबाऱ्यावर किंवा नगर भूमापनाच्या पत्रकावर मालक सापडतो. जमिनीच्या पोटात काय पुरले आहे याची नोंद तेथे नसते. ती नोंद जुन्या कामगाराजवळ असते. सांडपाणी कोठे सोडीत, राख कोठे टाकीत, विहीर कोणत्या साली बुजविली, पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात रंगीत पाणी साचे, हे त्याला विचारल्यावाचून खड्डा कोठे घ्यावा हे अभियंत्यास कळणार नाही. अनेक तपासण्या येथेच फसतात, कारण विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

कागदावर इशारा असूनही तो वाचला न गेल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील नायगारा फॉल्स या शहरात घडले. लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या कालव्यात एका रासायनिक कंपनीने सुमारे २१,००० टन टाकाऊ रसायने पुरली आणि १९५३ साली ती जागा एका डॉलरला शाळामंडळास दिली. खाली रसायने आहेत असा उल्लेख खरेदीखतात होता. तरीही तेथे शाळा बांधली गेली, भोवती घरे उभी राहिली. ऑगस्ट १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. अशा जागांच्या सफाईसाठी अमेरिकेने स्वतंत्र कायदा केला तो १९८० मध्ये. आपल्याकडे मुंबईत मालाडच्या चिंचोळी बंदर येथील जुन्या कचराभूमीच्या परिसरात कार्यालये उभी राहिली, आणि खालून येणाऱ्या वायूंमुळे तेथील संगणकांचे सुटे भाग गंजून निकामी होत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

इतिहास हाती आल्यावर खणण्याचे काम सुरू होते. भूखंडावर चौकटी आखून आणि संशयित कोपऱ्यांत विशेष लक्ष देऊन वेगवेगळ्या खोलींवरील माती घेतात. वरची वीतभर माती पाहून समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण तिच्यावर बहुधा नंतरचा भराव असतो. तेलाच्या अंशासाठी नमुना काचेच्या बरणीत घेऊन बर्फात ठेवावा लागतो; एरवी परीक्षेपूर्वीच त्यातील काही भाग उडून जातो. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरविण्यास किमान तीन विंधनछिद्रे लागतात, तीही एका रेषेत नव्हेत तर त्रिकोणात. तापीकाठच्या जागी पाण्याची पातळी पावसाळ्यात चढते, म्हणून पावसाच्या आधी आणि नंतर असे दोन वेळा पाणी तपासणे इष्ट होय.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. तापीचा गाळ मुख्यत्वे दख्खनच्या काळ्या कातळातून आलेला आहे आणि त्या कातळात क्रोमियम, निकेल व तांबे मुळातच असतात. त्यामुळे मातीत क्रोमियम सापडले एवढ्यावरून कारखानदारास दोषी ठरविता येत नाही, आणि ‘ते निसर्गाचेच आहे’ या सबबीवर त्याला सोडताही येत नाही. शेजारच्या, कारखाना न झालेल्या शेतातील माती तुलनेसाठी घ्यावी. शिवाय क्रोमियमचे दोन प्रकार वेगळे मोजावेत. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी असते. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते व कर्करोगास कारण ठरू शकते. एकूण क्रोमियमचा एकच आकडा देणारा अहवाल अधिकाऱ्यांनी परत पाठवावा.

शुद्धीचा उपाय दोषावर अवलंबून असतो. षट्संयुजी क्रोमियमवर हिराकस परिणामकारक असून त्याने ते त्रिसंयुजी रूपात येते. सायनाइड अल्कधर्मी द्रावणात क्लोरीनयुक्त रसायनाने नष्ट करता येते, मात्र त्यावर आम्ल पडल्यास प्राणघातक वायू निघतो. हे काम जाणकारांवाचून कोणी करू नये. तेल खाणारे जीवाणू तेलकट मातीत उपयोगी पडतात. दूषित पाणी उपसून शुद्ध करणे शक्य असले तरी त्यास वर्षे लागतात. जे नष्ट होत नाही ते खणून घातक कचऱ्याच्या सुरक्षित भूभरण केंद्रात न्यावे लागते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशा सोयी आहेत. भोपाळच्या बंद कारखान्यातील सुमारे ३३७ टन घातक कचरा १९८४ च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलविण्यात आला आणि तेथे जाळण्यात आला.

किती शुद्ध म्हणजे पुरेसे शुद्ध, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण खरा वाद तेथेच होतो. कोडाईकनाल येथील पाऱ्याच्या तापमापींचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, आणि मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहू द्यावा की त्याहून कमी, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. गोदामाच्या फरशीखाली जे चालेल ते बालवाडीच्या अंगणात चालणार नाही. म्हणून जागेचा भावी उपयोग आधी ठरवून मगच मर्यादा ठरवावी. बांधकाम करणाऱ्यास घाई असते, आणि या घाईत गोदामाची मर्यादा घराला लावली जाण्याचा धोका आहे.

ग्रामस्थांचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो भरावाच्या मातीशी. शहरात पायासाठी खणलेली माती डंपरमधून बाहेर जाते आणि कोठे तरी घराच्या जोत्यात, रस्त्याच्या कडेस किंवा शाळेच्या मैदानात पडते. ती जुन्या कारखान्याखालची असेल तर शहराचा रोग फुकटच्या भरावाबरोबर गावात येतो. रंगीत, तेलकट वा उग्र वासाची माती उतरवून घेऊ नये. पण षट्संयुजी क्रोमियमला वास नसतो, म्हणून माती कोणत्या भूखंडातून आली हे लेखी मागणे अधिक सुरक्षित. तशी माती स्वच्छ मातीत मिसळून ‘प्रमाणात’ आणणे ही शुद्धी नव्हे. त्याने दूषित मातीची रास केवळ मोठी होते. भूगोलाच्या शिक्षकांना आपल्या गावातील भराव कोठून आला याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल.

केंद्र शासनाने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार स्थानिक संस्था वा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास द्यावयाची आहे. मंडळ प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करते आणि शुद्धीचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. किरणोत्सारी कचरा, खाणी आणि घनकचऱ्याच्या कचराभूमी या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. यादी स्थानिक पातळीवर सुरू होत असल्याने बंद पडलेला छापखाना, मुलाम्याची कार्यशाळा, जुने कीटकनाशकांचे गोदाम किंवा कातडी कमावण्याचा कारखाना यांची माहिती ग्रामपंचायतीने वा नगरपालिकेने गट क्रमांकासह लेखी द्यावी. धंदा कोणता होता, तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत चालला आणि जवळची पिण्याची विहीर किती अंतरावर आहे, एवढा तपशील पहिल्या पत्रासाठी पुरेसा आहे.