कचरा उचलणाऱ्यांच्या कमरेचा प्रश्न
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च अहवालात स्वतंत्र छापला आहे. तो वाचून दाखविण्यात आम्ही आपला वेळ घेत नाही. आज बोलावयाचे आहे ते कोणत्याच ताळेबंदात न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतून आपल्या अस्थिरोग विभागात येणाऱ्या रुग्णांत सफाई कामगार आणि घंटागाडीवरील मजूरही असतात. तक्रार बहुधा एकच: कंबर धरली आहे, कळ पायापर्यंत जाते. डॉक्टर विश्रांती सांगतात. रोजंदारीवरच्या माणसाला विश्रांती म्हणजे बुडालेला रोज. म्हणून तो गोळ्या घेऊन पुन्हा गाडीवर चढतो. मुंबईत कचरा भरणाऱ्या महापालिका कामगारांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्नायू व सांध्यांच्या तक्रारी त्यांच्यात इतरांपेक्षा ठळकपणे अधिक आढळल्या.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु हिशेब मांडता येतो. आपल्याकडील मिश्र कचऱ्याचे वजन घनमीटरला साधारणतः ४०० ते ५०० किलो भरते. म्हणजे शंभर लिटरचा भरलेला डबा ४० ते ५० किलोचा. पावसाळ्यात भिजलेला असेल तर त्याहून जड. ब्रिटनच्या सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शिकेनुसार पुरुषाने कमरेच्या उंचीवर, अंगालगत धरून उचलावयाचे ओझे सुमारे २५ किलो असावे. तेच ओझे हात लांब करून खांद्याच्या वर न्यावयाचे झाल्यास मर्यादा ५ किलोवर येते, आणि स्त्रियांसाठी ३ किलोवर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कठडा कोठे येतो हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

लातूरच्या आडत बाजारात तुरीचे वा सोयाबीनचे पोते काट्यावर चढते. हमालाने किती उचलले हे हमालाला, अडत्याला आणि शेतकऱ्याला, तिघांनाही ठाऊक असते. पाठीवर शंभर किलोचे पोते घेणाऱ्या हमालांच्या संघटनांनी पन्नास किलोच्या गोणीसाठी लढा दिला, तो असा आकडा समोर होता म्हणूनच. कचऱ्याच्या डब्यावर आकडा नसतो. त्याचा काटा थेट डेपोवर होतो आणि तो गाडीचा होतो, माणसाचा नव्हे. जेथे ठेकेदाराचा मोबदला टनावर ठरतो, तेथे तर डबा हलका ठेवण्यात कोणाचेच हित नसते.

नियमांना याची जाणीव नव्हती असे नाही. नागरी घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांनी कचऱ्याची हाताने हाताळणी मना केली होती. अपरिहार्य असेल तेथे कामगाराची काळजी घेण्यास सांगितले होते. २०१६ च्या नियमांनी हातमोजे, बूट, रेनकोट, मुखपट्टी देण्याचे बंधन घातले. हातमोज्यांनी बोटे वाचतात, कंबर वाचत नाही. कमरेचे पट्टे वाटावेत अशीही सूचना एका हितचिंतकांनी केली. भावना चांगली आहे. पण असे पट्टे निरोगी कामगाराची इजा टाळतात याला पुरेसा आधार नाही, असे अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच म्हटले होते. ‘वाका कसे’ याचे नुसते धडे देऊनही फारसे साधत नाही. ओझे, उंची आणि अंतर ही तीन कमी करावी लागतात, आणि ती कामगाराच्या हाती नसतात. डबा आपण घेतो, गाडी पालिका घेते.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. पुढे तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कामात डोक्यावरच्या पोत्याऐवजी ढकलगाडी आली. चाकांनी जे साधले ते मलमाने साधले नसते.

आता आपल्या रुग्णालयाकडे वळू. वैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या पाऊण भरताच बांधण्याची रीत आहे. तीच आता स्वयंपाकघर व प्रांगणाच्या कचऱ्यालाही लागू राहील. मागील दाराशी गाडीच्या पाटाइतका उंच ओटा आणि त्यावर चढणारा उतरता रस्ता बांधावयाचा आहे, म्हणजे मामांना आणि मावशींना डबा उचलावा न लागता ढकलत नेता येईल. प्रत्येक मजल्यासाठी चाकांचे डबे हवेत. देणगीदारांना खाटेवर, खोलीवर नाव देण्याची आपली प्रथा आहे. कचऱ्याच्या डब्यावर वडिलांचे नाव कोणी लावून घेणार नाही हे आम्ही जाणतो. तरीही या वर्षी देणगी मागतो आहोत ती यासाठीच. ओट्यावर मात्र नाव घालता येईल.

नातेवाइकांना एकच विनंती. रुग्णासाठी आणलेल्या शहाळ्यांची टरफले पिशवीत कोंबू नयेत. पाच-सहा ओल्या टरफलांनीही पिशवी जड होते आणि जिन्यावर हमखास फाटते. त्यांच्यासाठी प्रत्येक मजल्यावर चाकांचा उथळ क्रेट ठेवण्यात येईल.

दोन्ही महानगरपालिकांना विश्वस्त मंडळाच्या वतीने एक निवेदन देण्याचा प्रस्ताव आम्ही आज सभेपुढे ठेवीत आहोत. नवीन घंटागाड्यांच्या निविदेत कचरा टाकण्याच्या कठड्याची जमिनीपासूनची उंची लिहिली जावी, आणि मोठ्या संस्थांकडून येणाऱ्या डब्यांच्या आकाराला मर्यादा असावी, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. मसुदा स्वागतकक्षात ठेवला आहे. तो पाहून आपण स्वाक्षरी करावी.