सहावा मुलगा

माउली, दान करावं हे सगळेच सांगतात. केलेलं दान वाया कसं जातं, ते आज पाहू.

१८ एप्रिल १९५१. तेलंगणातलं पोचमपल्ली गाव. विनोबाजी तिथं मुक्कामाला होते. गावातली चाळीस दलित कुटुंबं म्हणाली, ऐंशी एकर जमीन मिळाली तर कष्ट करून खाऊ. विनोबाजींनी गावापुढं शब्द टाकला, आणि रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले, मी शंभर एकर देतो! मागितले ऐंशी, मिळाले शंभर. तिथून भूदान सुरू झालं. पुढं तेरा वर्षं हा महात्मा देशभर पायी फिरला. दारोदार काय सांगायचा? तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या.

चाळीस लाखांहून जास्त एकर जमीन मिळाली, महाराज! पण त्यातली कितीतरी भूमिहीनापर्यंत पोचलीच नाही. कुठं खडक निघाला, कुठं कोर्टात वाद, कुठं दानपत्र झालं पण सातबाऱ्यावर नाव चढलं नाही. आणि ज्याला मिळाली त्याच्याकडं बैल नाही, बी नाही, पाणी नाही. नुसत्या मातीनं पोट भरतं का?

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या वडिलांनीही दोन एकर दिली होती. माणूस पापभीरू, नित्य हरिपाठ म्हणणारा. पण दिला कोणता तुकडा? माळाचा. विहिरीखालचं रान ठेवलं घरात. ज्या गड्याला तो माळ मिळाला, त्यानं चार वर्षं दगड वेचले. पाचव्या वर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. गाव म्हणालं, बघा, जमीन दिली तरी यांना कसता येत नाही! मीही तेच म्हणायचो, बरं का. टाळ वाजवत म्हणायचो.

पुढं आम्हा भावांची वाटणी झाली. तेव्हा काय पाहिलं? जमिनीचा कस पाहिला, बांध पाहिला, विहिरीच्या पाण्याची पाळी दिवस मोजून ठरवली. कुणी म्हणालं नाही की धाकट्याला माळ द्या आणि पाणी देऊ नका. त्या रात्री मला झोप आली नाही. सहाव्या भावाची पाळी कुठं गेली?

विनोबाजी भीक मागत नव्हते, मुलाचा हक्क मागत होते. आम्ही एकर मोजून दिले, पण त्याला मुलगा मानलं नाही. तिथं दान फसलं.

त्या गड्याचा नातू आज तोच माळ कसतो. आठवड्यातली एक पाळी आता त्याची आहे. फार उशिरा दिली. आजा काही परत आला नाही.

म्हणून माउली, दान काढाल तेव्हा मनाला एवढंच विचारा: हे मी माझ्या पोराच्या वाट्याला घातलं असतं का? नसेल, तर ते दान नव्हे, ती अडगळ. आणि अडगळ देऊन कुणी बरोबरीला येत नाही.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!