यंत्र आणि माणूस : विद्यार्थ्यांसाठी काही कामे



आजचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. विडी कामगारांच्या सभांतून आयुष्य घालवलेल्या आणि शाळेची पायरी नववीतच उतरलेल्या माणसाने संगणकाविषयी बोलावे, हा अधिकाराचा अतिक्रम आहे असे कोणी म्हणाले तर आम्ही वाद घालणार नाही. आमचा अधिकार एवढाच की, ही यंत्रे ज्यांच्यापुढे येऊन बसतात त्यांच्या रांगेत आम्ही उभे राहिलो आहोत. चूल कशी मांडावी हे गवंड्याला कळते. धूर कोणत्या बाजूने डोळ्यांत येतो हे फुंकणारीलाच कळते.

गेल्या हिवाळ्यात अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी, सुट्टीत गावी आलेली चार मुले-मुली आमच्याकडे आली. ‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ या विषयात त्यांना प्रकल्प करावयाचा होता. माणूस आणि संगणक यांचा एकमेकांशी व्यवहार कसा चालतो, तो सोपा व निर्दोष कसा करता येईल, याचे हे शास्त्र. मुलांजवळ यादी तयार होती : हाताच्या खुणेने लागणारा दिवा, डोळ्यांवर चढवून दूरचे देश दाखवणारा चष्मा, मनासारखी गाणी निवडून देणारे यंत्र. “काका, यांतला कोणता घेऊ?” असे त्यांनी विचारले. आम्ही उलट विचारले, “हे कोणासाठी?” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, “मार्कांसाठी.” तिचा खरेपणा आम्हांला आवडला. त्या दिवशी त्या मुलांना जे उत्तर दिले, तेच आज जरा विस्ताराने आपल्यापुढे मांडीत आहोत.

या शास्त्राचा पहिला धडा आम्हांला फार मोलाचा वाटतो. यंत्रापुढे माणूस चुकला, तर माणसाला दोष देण्याआधी यंत्राने त्याला चुकीकडे कसे ढकलले ते पाहावे. आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे मतदानाचे यंत्र. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले, आणि २००४ च्या लोकसभेसाठी साऱ्या देशाने त्यावरच मत दिले. त्याचे बाह्य रूप ठरवण्यात मुंबईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या अध्यापकांचा हात होता. त्या यंत्राच्या विश्वासार्हतेविषयी देशात वाद आहेत. तो आजचा विषय नव्हे. पण त्याचा व्यवहार पाहा. नाव, चिन्ह, त्यापुढे निळे बटन. दाबले की तांबडा दिवा आणि लांब शिट्टी. अक्षर न ओळखणाऱ्या आजीला चिन्ह ओळखता येते, आणि आपले काम झाले हे तिला डोळ्यांनी व कानांनी कळते. पुढे तर कोणाला मत गेले ते दाखवणारी चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसू लागली. थोडक्यात, आपण काय केले ते यंत्राने माणसाला सांगितले पाहिजे.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो.

एका गावात स्वस्त धान्याच्या दुकानावर आम्ही काही कामासाठी गेलो होतो. रांगेत आमच्या ओळखीची एक म्हातारी विडी कामगार होती. तिने यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा नाकार. मागची रांग कुरकुरू लागली. तेव्हा आम्हीच, जन्मभर कामगारांची बाजू घेणारे, तिच्यावर खेकसलो, “अगं बाई, नीट दाब ना!” ती आमच्याकडे पाहून म्हणाली, “भाऊ, बोट त माझंच हाये न?” त्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन परत गेली.

रात्री आम्हांला झोप आली नाही. आमची आईही विड्याच वळीत असे. ओले तेंदूपान फर्म्यावर कापायचे, तंबाखू भरायचा, बोटांच्या टोकांवर वळून तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. दिवसाला शेकडो वेळा, वर्षानुवर्षे. शिवाय पावसाळ्यात धानाची रोवणी. अशा बोटांवरच्या रेषा झिजतात. म्हणजे ज्या श्रमावर ती बाई जगली त्याच श्रमाने तिची ओळख पुसली. आणि यंत्राने तिला जणू सांगितले की, तू ती नव्हेस. आणि आम्ही यंत्राचीच री ओढली!

विडी कामगारांना ‘छाट’ म्हणजे काय ते सांगावयास नको. हजार विड्या वळून नेल्या की तपासणारा त्यांतल्या काही बाजूला काढतो : ही आखूड, ही सैल. त्या विड्यांची मजुरी बुडते. आमच्या संघटनेचे जुने भांडण हेच होते की, छाट केली तर कारण दाखवा, आमच्यादेखत मोजा, आणि दाद मागण्याची जागा ठेवा. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, त्यामागे असल्या पुष्कळ भांडणांचा इतिहास आहे. मग आम्हांला वाटले की, दुकानातले यंत्र करते ती छाटच नव्हे काय? फरक इतकाच की, पूर्वी विडीची छाट होई आणि आता बोटाची होते. आणि या तपासनिसाशी भांडता येत नाही.

यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. ते उगीच आलेले नाही. दुसऱ्याच्या कार्डावर धान्य उचलून काळ्या बाजारात नेणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना आळा घालणे जरूरच होते. बोट जुळले नाही तर दुसरे बोट, मोबाइलवर येणारा आकडा, डोळ्याची ओळख असे पर्यायही नियमांत आहेत. पण रांगेतल्या बाईला ते कोण सांगणार? चोर पकडण्यासाठी बसवलेल्या यंत्राने मालकिणीलाच दारातून परत पाठवले, तर ते यंत्र अजून अपुरे आहे.

हे अपुरेपण कसे भरून काढावे? येथे आम्ही आपल्याला जरा दूर, नॉर्वे-स्वीडनकडे नेतो; कारण तेथे हे काम कामगार संघटनांनीच हाती घेतले. १९७० नंतर कारखान्यांत संगणक शिरू लागला, तेव्हा नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन न्यूगोर या संगणकशास्त्रज्ञाबरोबर काम सुरू केले. हेतू असा की, यंत्र आमच्या कामाचे काय करणार हे आम्हांला समजावे आणि त्यात आमचा शब्द असावा. याच न्यूगोर यांना पुढे २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक सहकाऱ्यासह मिळाले. त्यानंतर १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन-डेन्मार्कमधील संशोधक व छापखान्याचे कामगार यांनी मिळून ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प केला. वर्तमानपत्राचे पान जुळवण्याची नवी यंत्रे त्यांच्यापाशी नव्हती, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. एक खोके छपाईयंत्र समजायचे, कागदावर काढलेले चित्र हा पडदा समजायचा आणि कामगारांनी त्यापुढे उभे राहून रोजचे काम करून दाखवायचे. कोठे हात अडतो, ते खोकेच सांगे.

विद्यार्थी मित्रहो, पुठ्ठ्याचे खोके सानगडीतही मिळते. म्हणून आता आमची कामांची यादी ऐका.

पहिले काम अंगठ्याच्या यंत्राचे. खरे यंत्र तुम्हाला कोणी उघडू देणार नाही, पुठ्ठ्याचे करा. नाकार झाला की ते मराठीत मोठ्याने काय बोलेल, पुढचा मार्ग कोणता सांगेल, आणि नाकाराची तारीख-वेळ-कारण असलेली चिठ्ठी कशी देईल, हे ठरवा. मग वीस विडी कामगार बायांपुढे ते मांडा. यंत्र बनवणाऱ्याला नव्हे, त्यांना ते समजले तर प्रकल्प साधला.

दुसरे काम हिशेबाचे. किती पान मिळाले, किती विड्या दिल्या, किती छाट झाल्या, याची नोंद निरक्षर बाईला स्वतःच्या मोबाइलवर बोलून किंवा चित्रे दाबून ठेवता येईल काय? ठेकेदाराच्या वहीशेजारी तिची स्वतःची वही असेल, तर भांडणाला आधार येईल.

तिसरे काम बोलीचे. मोबाइल आता बोलणे ऐकून लिहितो. पण तो आपली झाडीबोली किती समजतो? झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. तुम्ही एवढे तरी करा : गावातल्या पन्नास माणसांची रोजची वाक्ये त्यांच्या संमतीने यंत्राला ऐकवा, आणि ते कोठे चुकते त्याचा तक्ता करा. ही चूक बोलणाऱ्याची नव्हे, ऐकणाऱ्याची, हे तक्त्याच्या मथळ्यावरच लिहा.

चौथे काम हजेरीचे. सार्वजनिक कामांवरील रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून घेण्याची सक्ती झाली. तलावाच्या पाळीवर जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे मजुराने घाम गाळला तरी हजेरी लागली की नाही हे त्याला कसे कळावे? योजना बदलतात, नावे बदलतात. हा प्रश्न राहतो. रेंज नसतानाही मजुराच्या हातात पोच कशी पडेल, ते शोधा.

हे सारे किरकोळ आहे, यात नवे संशोधन कोणते, असे तुमचे गुरुजन विचारतील. त्यांना ‘स्वरचक्र’ दाखवा. मोबाइलवर मराठी लिहिताना लोक इंग्रजी कळपाटावर अडखळतात, हे पाहून आयआयटी मुंबईच्या त्याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने हा कळपाट केला. अक्षरे आपल्या वर्णमालेच्या क्रमाने. ‘क’वर बोट ठेवले की भोवती चक्रात का, कि, की, कु उमटतात आणि बोट तिकडे सरकवले की अक्षर तयार. आपल्या शाळेतली बाराखडीच ती! माणसाला आधीपासून काय येते, एवढाच प्रश्न विचारून ही युक्ती सापडली. संशोधन याहून निराळे काय असते?

आमच्या अटी तीनच आहेत. संगणक उघडण्याआधी तीन दिवस रांगेत उभे राहा. ज्यांच्यासाठी यंत्र करता त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, शेवटी टाळ्या वाजवण्यापुरते नव्हे. आणि काम संपल्यावर निकाल इंग्रजी वहीत बंद न करता याच चौकात येऊन मराठीत सांगा.

ती म्हातारी आम्हांला पुढे बाजारात भेटली. आम्ही तिची क्षमा मागितली. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. इतक्या वेळा तिचे बोट नाकारले गेले होते. आम्हांला मात्र तो विसरता येत नाही. त्या चार मुलांपैकी ‘मार्कांसाठी’ म्हणालेली मुलगी पहिले काम घेऊन गेली आहे. तिचे पुठ्ठ्याचे यंत्र तयार झाले की, पहिला अंगठा त्या म्हातारीचा ठेवावा असे ठरले आहे.