पुनरुत्थान : आपल्या श्रद्धेचा पाया
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल दिवशीं मीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. मंदिराचा इतिहास इतर वक्ते सांगतीलच. ज्या एका गोष्टीवांचून हें मंदिर उभेंच राहिलें नसतें, त्या गोष्टीविषयीं मी बोलणार आहे. ती म्हणजे प्रभु येशू ख्रिस्ताचें पुनरुत्थान.

हा विषय घेण्यास एक कारण आहे. भूकंपग्रस्त गांवच्या एका वृद्ध मावशींनीं मला पूर्वीं एक प्रश्न विचारला होता. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्यांची लेक गेली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही म्हणता शरीर पुन्हा उठंल. पण माझ्या लेकीला मूठमाती मिळाली नाही. समद्यांबरोबर तिलाबी अग्नी दिला. राखसुदिक हाती आली नाही. मग देव उठवणार तरी काय?" त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज देण्याचा यत्न करतों.

ती पहाट आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. तीन वाजून छप्पन मिनिटांनीं धरणी हालली. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें. उन्हाळ्यांत ज्यांनीं गारवा दिला, त्यांनींच त्या रात्रीं माणसें पोटांत घेतलीं. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी, आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर, अशीं बावन्न गांवें उद्ध्वस्त झालीं व सुमारें आठ हजार जीव गेले. पडक्या घरांच्याच लांकडांवर सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. तेथें कोणाचा धर्म कोणता हें पाहण्यास अवसर नव्हता.

आतां पुनरुत्थान म्हणजे काय, तें पाहूं. आपल्याच जिल्ह्यांतील तेर येथील संत गोरोबा कुंभार यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. भजनांत तल्लीन होऊन चिखल तुडवितांना पोटचें मूल पायांखालीं आलें, आणि पुढें देवाच्या कृपेनें तें मातेस परत मिळालें, असें भक्तजन सांगतात. मातेच्या हृदयास किती गोड वाटावें असें तें परत येणें! शुभवर्तमानांतील लाजरही असाच परत आला. परंतु परत आलेला लाजर पुढें पुन्हां मरणारच होता. प्रभूचें पुनरुत्थान असें नव्हे. तो जुन्या जीवनाकडे माघारा फिरला नाहीं. मरणाच्या पलीकडे गेला, व मरणाची सत्ता त्याच्यावर पुन्हां कधींही चालणार नाहीं. तथापि तो केवळ आत्मरूप झाला असेंही नाहीं. हातांवरच्या खुणा त्यानें थोमास दाखविल्या, आणि शिष्यांसमवेत तो जेवला. शरीर तेंच, पण गौरवयुक्त झालेलें.

कोणी म्हणेल, ही पुराणांतरींची गोष्ट असेल. तर काळ पहावा. त्याच पहिल्या शतकांत आपलें तेर 'तगर' ह्या नांवानें प्रसिद्ध होतें, व तेथील कापड भडोच बंदरांतून पश्चिमेकडे जात असे, असें त्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत नमूद आहे. ज्या रोमी राज्याशीं आपल्या विणकरांचा व्यापार चाले, त्याच राज्यांत पोंतय पिलात सुभेदार असतां प्रभु मरण पावला. त्यानंतर सुमारें पंचवीस वर्षांत संत पौलानें करिंथकरांस पत्र लिहिलें. त्यांत तो साक्षीदार मोजून दाखवितो, आणि पांचशेंहून अधिक बंधूंनीं एकाच वेळीं प्रभूस पाहिलें व त्यांतील बहुतेक अद्याप हयात आहेत, असें निक्षून सांगतो. शुभवर्तमानांत तर पहिली साक्ष स्त्रियांची आहे. त्या काळीं स्त्रियांच्या साक्षीस मान नसे. रचलेल्या कथेंत कोणी त्यांस पुढें केलें नसतें. ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा फुकट, हें संत पौलानें त्याच पत्रांत आडपडदा न ठेवतां कबूल केलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनींही १६१६ सालीं छापलेल्या 'ख्रिस्तपुराणां'त हीच वार्ता मराठी ओवींत गाइली.

आतां मावशींचा प्रश्न. इ. स. १७७ मध्यें गॉल देशांत लियों येथें ख्रिस्ती हुतात्म्यांचीं प्रेतें जाळून त्यांची राख र्‍होन नदींत टाकण्यांत आली. ह्यांस पुन्हां उठण्याची आशाच उरूं नये, हा छळ करणारांचा हेतु होता. पण ख्रिस्तसभेनें ती आशा सोडली नाहीं. ज्यानें कांहीं नसतांना सर्व निर्माण केलें, त्यास राख गोळा करणें जड कां जावें? प्रेत पुरण्याची रीत आपण आदरानें पाळतों, कारण प्रभूही कबरेंत निजला. दहन पूर्वीं निषिद्ध होतें, तें पुनरुत्थान नाकारण्यासाठीं कित्येक जण त्याचा आश्रय करीत म्हणून. १९६३ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास परवानगी दिली. २०१६ सालच्या आदेशांतही पुरणें अधिक इष्ट मानून, दहन केल्यास राख पवित्र स्थळीं ठेवावी असें सांगितलें आहे. मग ज्या लेकरास आपत्तीनें अग्नि दिला, त्याच्याविषयीं शंका कशास? मावशी, देवास पत्ता विचारावा लागत नाहीं.

संत पौलानें बीजाचा दृष्टांत दिला आहे. भूकंप झाला ते दिवस रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीचे होते. तिफणीखालीं गेलेला दाणा दाणा म्हणून उरत नाहीं; पण ताट उभें राहतें तें त्याच दाण्याचें, दुसऱ्याचें नव्हे. शेतकरी तो दाणा उकरून पाहत नाहीं. तो वाट पाहतो, आणि वाट पाहतांना हात बांधून बसत नाहीं.

म्हणूनच ही श्रद्धा केवळ स्मशानापुरती नाहीं. जें शरीर देव उठविणार आहे, त्याची हेळसांड आपण कशी करावी? आजारी शेजाऱ्याची सेवा, भुकेल्यास अन्न, जातीवरून कोणास दूर न लोटणें, हीं सारीं पुनरुत्थानाचींच कामें होत. त्या पहाटे गांवोगांवचे लोक ढिगारे उपसावयास धांवले, त्यांनीं हात देतांना जात विचारली नाहीं. तो धडा महोत्सव सरल्यावरही आपल्या धर्मग्रामांत जिवंत राहो.

दर रविवारीं विश्वासांगीकार म्हणतांना आपण मृतांच्या पुनरुत्थानाची आशा उच्चारतों. पुढच्या रविवारीं ते शब्द येतांच क्षणभर थांबा, आणि आपल्या गेलेल्या माणसाचें नांव मनांत घ्या. त्या मावशींच्या लेकीसही विसरूं नका.

इतकें बोलून आपली रजा घेतों. पुनरुत्थित प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.