पडद्यावरचा धडा पारखून घ्या

श्रोतेहो, आंबेगाव तालुक्यातले पेठ हे गाव सातगाव पठारावरचे, म्हणजे बटाट्याच्या मुलखातले. इथल्या पोराला बटाटा शिकवावा लागत नाही. बेणे कसे कापायचे, प्रत्येक फोडीला डोळा कसा राखायचा, हे त्याने आईशेजारी बसून पाहिलेले असते. आता समजा, मोबाइलवरच्या धड्याने त्याला सांगितले, की बटाटा हे मुळ्यागाजरासारखे मूळ आहे! बटाटा जमिनीत वाढतो खरा, पण ते खोड. डोळे असतात ते खोडाला, मुळाला नव्हेत. पोराने मग विश्वास कोणावर ठेवायचा? बहुधा तो पडद्यावरच ठेवील. पडद्याला रंग आहे, संगीत आहे. आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. या कल्पनेचा पाठपुरावा करणारे परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कोरोनाने शाळा बंद झाल्या आणि असे धडे घरोघर शिरले. सोय उत्तमच. पण पुस्तकातल्या कोडामागे निदान जबाबदार संस्था उभी असते. यूट्यूबवर कोणीही उठावे आणि गुरुजी व्हावे!

म्हणून शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, धडा वर्गात लावण्याआधी तो शेवटपर्यंत स्वतः पाहा. नुसता आरंभ पाहून भागत नाही. तो कोणी केला आणि केव्हा केला, हेही बघा. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले आणि केवढा गदारोळ झाला, आठवते ना? त्याआधीच्या चित्रफितीत ते कोठून असणार? पोर पुस्तकात एक वाचते, पडद्यावर दुसरे ऐकते आणि गोंधळते.

भाषाही ऐका. इंग्रजी वाक्य जसेच्या तसे मराठीत ओतलेले असेल, तर पोरे माना डोलावतील, समजणार काही नाही. अशा वेळी धडा मध्येच थांबवा आणि तेच आपल्या बोलीत सांगा.

पालकांनो, तुम्हीही शेजारी बसा. शेतीचा धडा असेल तर तुम्हीच जाणते.

चूक सापडली, तर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुण्यातच आहे, तिला कळवा. धड्याचे नाव, इयत्ता आणि चूक कितव्या मिनिटाला आहे, एवढे मात्र पत्रात जरूर लिहा.