शेवटचे एकवीस पाचुंदे



मृग लागायला आठ-दहा दिवस राहिलेत. आटपाडी, सांगोला, जत, माण, खटाव या पट्ट्यात एव्हाना कडब्याच्या गंजी तळाला टेकल्यात आणि माणसं दिवसातून दहादा आभाळाकडं बघतायत. एकदा पाऊस पडला की सुटलो, असं ज्याला त्याला वाटतंय. मी तीस वर्षं याच भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरलो. माझा अनुभव जरा उलटा आहे. मे महिन्यात जनावरं वाळायची, बरगड्या मोजता यायच्या, पण तगायची. रात्री-अपरात्री बोलावणं यायचं ते पहिल्या पावसानंतर.

एका वर्षी वळीव चांगला झाला. रब्बीची ज्वारी काढलेल्या रानात धसकटांना वीतभर पोंगे फुटले. महिनाभर नुसती काडं खाल्लेली एक कालवड दावं तोडून त्यात शिरली. मालकानं तिला हुसकून बाहेर काढेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. मी पोचलो तेव्हा ती आडवी झाली होती. तोंडाला फेस, पाय ताठ, आणि सुई टोचली तर रक्त लालभडक. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या पोंग्यात, असं द्रव्य असतं की पोटात गेल्यावर त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. मग अंगाला प्राणवायू वापरताच येत नाही. तो रक्तातच राहतो, म्हणून रक्त लाल दिसतं आणि जनावर गुदमरून मरतं. सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेत गेलं तर उठतंही. ती कालवड उठली नाही. गंमत बघा, हीच ज्वारी फुलोऱ्यावर आली की धोका बराच उतरतो आणि वाळून कडबा झाला की गाई-बैलांसाठी त्यासारखी वैरण नाही.

जे ज्वारीचं, तेच थोड्या वेगळ्या रीतीनं माळाचं. तिथं जनावर वाचतं, गवत मरतं. मारवेल, पवन्या, शेडा, अंजन ही गवतं वर्षानुवर्षं एकाच ठोंबावर जगणारी. उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, पण मुळात शिदोरी असते. पहिल्या पावसाला जे हिरवं पातं निघतं ते त्या शिदोरीवर. पातं मोठं झालं, उन्हात चार दिवस राहिलं, की ते मुळाची उधारी फेडायला लागतं. आपण त्याला तेवढी सवड देत नाही. दोन बोटं फुटलं की गुरं सोडतो. खुडलं, पुन्हा फुटलं, पुन्हा खुडलं. असं दोन-तीन पावसाळे गेले की ठोंब उठत नाही. त्या जागी आधी कुसळी येते आणि शेवटी तरवड, ज्याला शेळीही तोंड लावत नाही. बरं, एवढं करून जनावराच्या पोटात जातं काय? पाणीच जास्त. पोट भरत नाही आणि हगवण मात्र लागते.

आटपाडीजवळच्या एका वाडीत एक आजी आहेत. घरी एक खिल्लार गाय आणि एक खोंड. दोघांना मिळून रोज एक पाचुंदा, म्हणजे पाच पेंढ्या, कुऱ्हाडीनं तोडून घालायच्या; अख्खी पेंढी टाकली तर जाड बुडखे गव्हाणीत चघळ म्हणून पडून राहतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चांगला पाऊस होऊन गेला होता, समोर माळ हिरवागार, आणि आजी गंजीतून पेंढ्या ओढत होत्या. मी म्हटलं, "आजी, आता कशाला कडबा?" तर म्हणाल्या, "डाक्तर, हिरवं दिसतंय ते डोळ्याला. पोटाला न्हाई." पाऊस पडल्यापासून एकवीस दिवसांची वैरण त्या बाजूला ठेवतात. सासूनं घालून दिलेली रीत. पशुपोषणाच्या पुस्तकात मी जे चार पानांत वाचलं होतं ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

आता अडचण अशी की ठेवायला कडबा लागतो. 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी आजही आपल्याकडं टिकून आहे, ती भाकरीइतकीच कडब्यासाठी. मधल्या काळात बुटक्या संकरित ज्वाऱ्या आल्या, मग ऊस आला. उसाचं वाढं वैरण म्हणून चालतं, पण त्यातली ऑक्झॅलेटं जनावराचं कॅल्शियम बांधून टाकतात. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय पुढं काय दाखवते ते मला विचारा. निदान खनिज मिश्रण तरी द्या.

माळ ज्यांच्या हातात आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. अंजनाचं बी ताजं पेरू नका, ते नीट उगवत नाही. मागच्या वर्षीचं घ्या, माती आणि शेणात कालवून पावसाच्या तोंडावर वरच्यावर टाका, खोल गाडू नका. पहिलं वर्ष त्यात खूर पडता कामा नये. आणि गवत फुलोऱ्यात कापा, जमिनीपासून चार बोटं सोडून. दिवाळीनंतर पिवळं पडल्यावर कापलेल्या गवताचा भारा मोठा होतो खरा, पण त्यात उरतं ते काड. भाद्रपदात कापलं तर भिजतं, ही तक्रार मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडं सोपा उपाय नाही; उघडीप बघून थोडंथोडं कापायचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं मोकाट चराई बंद केली, विळ्यानं कापून न्यायला मुभा ठेवली. गाव एकत्र असेल तर हे जमतं. एकट्या माणसानं आपला बांध राखला तरी शेजारची शेळी यायचीच.

परवा त्या आजींना फोन केला. गंज किती राहिलीय विचारलं. म्हणाल्या, "चोवीस पाचुंदे. तीन दिवसांत पाऊस न्हाई आला तर एकविसाला हात लावावा लागंल." मग थोडं थांबून त्यांनी मलाच विचारलं, "रेडिओवर काय सांगत्यात, कधी येतोय?"