तिवरं बांधाबाहेरच बरी

आम्ही पेण तालुक्याच्या खारेपाटातल्या बचत गटांच्या बायका. आमची वर्षाची सहल एरवी देवदर्शनाची असते. यंदा आम्ही ऐरोलीला गेलो, ठाणे खाडीकाठचं कांदळवन बघायला.

हे सहज नाही ठरलं. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "तिवरं बघायला गाडीभाडं कशाला? माझ्या शेतात या, फुकट दाखवते." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. काही वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत त्यांच्या शेताचा बांध फुटला. अर्ज झाले, खेपा झाल्या, पण खांड वेळेत बांधली गेली नाही. खारं पाणी रोज आत येत राहिलं. ज्या खाचरात भात पिकायचं, तिथं आज माणसाच्या उंचीची तिवरं आहेत. आता ती तोडता येत नाहीत. उच्च न्यायालयाने २००५ सालीच कांदळवन तोडायला बंदी घातली आहे. सातबारा काकूंचा, पण पीक तिवरांचं. मग तिवरांचं कौतुक त्यांनी का करावं?

तरीही काकू आल्या. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. झाडांमधून चालायला उंचावर पायवाट केली आहे, त्यामुळे चिखलात पाय न घालता आत जाता येतं. ओहोटीची वेळ होती. चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो मुळं वर आलेली. तिथल्या माहिती देणाऱ्या ताई म्हणाल्या, "या चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळं वर काढून श्वास घेतं." मग त्यांनी तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावायला सांगितलं. खारट! जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. जन्म खाडीकाठी गेला, पण ही चव आम्ही कधी घेतली नव्हती.

खाली निवटे उड्या मारत होते, चिंबोऱ्या बिळांत पळत होत्या. कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं या मुळांच्या आडोशाला वाढतात. म्हणजे आमच्या कालवणाचा पाळणा इथेच हलतो. पुढे होडीतून रोहित पक्षी पाहिले. त्यांच्यासाठी २०१५ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा जागतिक मान मिळाला.

परत येताना काकूंनी विचारलंच, "ताई, सगळं खरं. पण माझ्या भाताचं काय?"

ताईंनी उत्तर टाळलं नाही. म्हणाल्या, "भरतीबरोबर तिवराचं बी वाहत येतं आणि जिथं खारं पाणी येत-जात राहतं, तिथं रुजतं. तेच झाड बांधाबाहेर असेल तर लाटेचा जोर मोडतं, बांधाची माती धरतं. बांधाआड आलं, तर समजायचं की खांड फार दिवस उघडी राहिली."

काकू थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे तिवर चोर नाही. दार उघडं राहिलं." लगेच दुसरी म्हणाली, "राहिलं नाही, ठेवलं. आपले अर्ज पडून होते ना!" गाडीत पेणपर्यंत हाच विषय. दोघींचंही खरं होतं.

घरी आल्यावर गटांनी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर चौघींनी बांधावरून फेरी मारायची. चिंबोरीच्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं, तर त्याच दिवशी माती भरायची. आज मूठभर मातीने भागतं, महिन्याने तिथं खांड पडते. दुसरी, मोठं नुकसान दिसलं तर तारखेसह फोटो काढायचा, अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. ग्रामसभेतही विषय मांडायचा. तिसरी, बांधाबाहेरच्या तिवरांना सरपणासाठी कोयता लावायचा नाही.

काकूंचं खाचर यामुळे परत मिळणार नाही. त्यांच्या भरपाईसाठी आम्ही सगळ्या मिळून पाठपुरावा करणार आहोत. कांदळवन राखणाऱ्या गावांतल्या गटांसाठी खेकडेपालनासारख्या कामांची सरकारी योजना २०१७ पासून आहे. तिची माहितीही मागवली आहे.

तुम्हीही ऐरोलीला जाऊन या. रोहित पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते मे या काळात जा. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, म्हणून आधी चौकशी करा. आणि जाण्याआधी आपल्या गावच्या बांधावर एक फेरी मारा. बाहेर तिवरं किती, आत किती, ते मोजा. मग तिथल्या ताईंना विचारायला तुमच्याकडेही प्रश्न असतील.